हस्तलिखिताचा पहिला वाचक

मराठीत रहस्यकथा, भयकथा, गूढकथा किंवा विज्ञानकथा आवडीनं छापणारी प्रकाशनं बहुतेक लहान असतात. संपादन, हिशेब, मुद्रकाकडच्या फेऱ्या आणि पार्सलं बांधणं हे सगळं एकच माणूस किंवा एकाच घरातली दोन माणसं करत असतात. आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची आणि विक्री मुख्यतः प्रदर्शनांत. अशा ठिकाणी टपालानं, ईमेलनं आणि हल्ली व्हॉट्सअॅपवर हस्तलिखितं येत राहतात, आणि ती शांतपणे वाचायला कुणाला वेळ नसतो. लेखक महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहतो, प्रकाशकाच्या मनावर न वाचलेल्या फायलींचं ओझं राहतं. या दोघांनाही गरज असते ती पहिल्या वाचकाची. असा वाचक पैसे न घेता, पण पूर्ण जबाबदारीनं वाचतो आणि प्रकाशकाला लेखी अभिप्राय देतो. नाशिकसारख्या शहरात नोकरी-घर सांभाळून हे काम करता येतं. माझ्या मते ज्याला हे साहित्य मनापासून आवडतं त्यानं ते करावंच.

इंग्रजीतल्या विज्ञानकथा आणि अद्‌भुतकथांच्या जगात ही पद्धत रुळलेली आहे. २००० साली सुरू झालेलं ‘स्ट्रेंज होरायझन्स’ हे नियतकालिक स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. तिथे आलेली कथा आधी पहिले वाचक वाचतात आणि त्यांनी पुढे पाठवलेली संपादक वाचतात. पुन्हापुन्हा येणाऱ्या, चावून चोथा झालेल्या कल्पनांची एक लांबलचक यादीही त्यांनी लेखकांसाठी केली होती. आपल्याकडे हे काम संपादकांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी पत्रांतून चर्चा करत, कथा पुन्हा लिहून घेत. अनंत अंतरकरांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केला आणि पुढे ‘मोहिनी’ व ‘नवल’ काढले. त्यांतल्या ‘नवल’नं अद्‌भुत आणि गूढ कथांना हक्काची जागा दिली. आज असे पूर्णवेळ संपादक छोट्या प्रकाशकाला परवडत नाहीत. म्हणून त्या कामाचा एक तुकडा वाचकानं उचलायचा.

हा वाचक ज्या साहित्यप्रकाराचं हस्तलिखित वाचायचं त्याच प्रकाराचा असावा लागतो. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांची संख्याही बाराशेच्या घरात गेली, सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत ही पुस्तकं हातोहात जात, आणि तरीही ‘गंभीर’ वाचकांनी त्यांच्याकडे बराच काळ पाठ फिरवली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचं मोल मोठ्या आवाजात सांगायला लोकांनी फार वेळ घेतला. ज्याला भयकथा मुळातच हलकी वाटते तो चांगली भयकथा आणि वाईट भयकथा यांतला फरक सांगू शकत नाही, कारण त्याला दोन्ही सारख्याच दिसतात. रहस्यकथा वाचकाशी एक करार करते. सगळे धागे वाचकासमोर ठेवीन आणि तरी शेवटी त्याला चकित करीन, असा तो करार आहे. विज्ञानकथेचा करार वेगळा. एक कल्पना खरी धरा, बाकी सगळं तिच्याशी सुसंगत ठेवीन. हे करार ज्याच्या हाडीमाशी खिळले आहेत त्यालाच ते कुठे मोडले हे कळतं.

म्हणून आधी स्वतःची तयारी तपासा. नाशिककरांची सोय चांगली आहे. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय, आपलं ‘सावाना’, आपल्या शहरात आहे. तिथे बसून धारप, मतकरी, सुहास शिरवळकर, भा. रा. भागवत, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांची जी पुस्तकं मिळतील ती वाचा, आणि या खेपेला वही घेऊन वाचा. पहिला धक्का कितव्या पानावर आला, संशयित किती, त्यांतला प्रत्येक जण आपल्यासमोर पहिल्यांदा कधी आला, आपल्याला उत्तर कधी कळलं. छापून आलेल्या, टिकलेल्या पुस्तकावर असा सराव झाला की कच्च्या हस्तलिखितात काय कमी आहे हे दिसू लागतं. वर्षभरातले चार-सहा दिवाळी अंकही वाचा. आज कोण काय लिहितंय हे माहीत नसलेला वाचक जुन्या मोजपट्टीनं नवं लेखन मोजत बसतो.

प्रकाशक कसा शोधायचा? तुमच्या कपाटातल्या आवडत्या नव्या पुस्तकाचं दुसरं-तिसरं पान उघडा. पत्ता, फोन, ईमेल तिथेच असतो. ग्रंथोत्सवात किंवा पुस्तक प्रदर्शनात स्टॉलवर प्रकाशक स्वतः उभा असतो. गर्दी ओसरल्यावर त्याच्याशी बोलता येतं. प्रकाशक नाशिकचाच असला पाहिजे असं नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकासाठीही फाइल इथे बसून वाचता येते. पत्र लहान लिहा. कोणता प्रकार वाचता, त्यातली अलीकडची कोणती पुस्तकं वाचली, महिन्याला किती पानं नेमानं वाचू शकाल, एवढं पुरे. त्याच प्रकाशकाच्या एखाद्या छापील पुस्तकावर दीड पानाचा अभिप्राय सोबत जोडा. ‘मला वाचनाची आवड आहे’ या वाक्यापेक्षा त्या दीड पानावरून त्याला तुमच्याबद्दल जास्त कळेल. दिवाळी अंकांना मदत करायची असेल तर पत्र उन्हाळ्यात पाठवा. गणपती येईपर्यंत बऱ्याच अंकांचा मजकूर ठरत आलेला असतो.

काम सुरू होण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या, शक्य तर ईमेलवर लिहून घ्या. एका वेळी किती हस्तलिखितं येणार, अभिप्राय किती दिवसांत हवा, मध्येच थांबायचं असेल तर किती आधी कळवायचं, आणि पुस्तकात आभाराच्या पानावर नाव येणार का. वाचन विनामूल्य करायचं असं तुम्ही ठरवलं आहे. मुद्रितशोधन, पुनर्लेखन किंवा भाषांतर हे वेगळं, मोबदल्याचं काम आहे. ते हळूहळू या वाचनात मिसळू देऊ नका. चांगल्या प्रकाशकाला ही रेघ स्पष्ट असलेली आवडते. आणि लेखकाकडून ‘वाचनशुल्क’ घेणाऱ्या प्रकाशकासाठी फुकट वाचू नका. तिथे तुमच्या श्रमाचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हस्तलिखित लेखकाच्या नावाशिवाय मागा.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं पारितोषिक मिळालं आणि मग कळलं की लेखक जयंत विष्णू नारळीकर आहेत. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. तेव्हा ते जगभर ओळखले जाणारे शास्त्रज्ञ होते, पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. स्वतःच्या नावानं कथा पाठवली असती तर परीक्षकांनी कथा वाचली की नाव वाचलं, हे त्यांना कधीच कळलं नसतं. पुढे २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा लेखक संमेलनाध्यक्ष झाला तो आपल्या गावात, याचा मला फार आनंद आहे. नामवंताला जे हवंसं वाटलं ते नवख्याला तर मिळालंच पाहिजे. निफाडच्या शेतकऱ्याची, सातपूरच्या कामगाराची, अकरावीतल्या मुलीची कथा त्याच न्यायानं वाचली जावी. प्रकाशकाला सांगा की नाव, परिचय आणि सोबतचं पत्र काढून फक्त संहिता क्रमांक घालून पाठवा. त्याला दोन मिनिटं लागतात.

फाइल आली की पहिला अडथळा अक्षरांचा असतो. बरेच लेखक अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करतात. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर पानभर अगम्य चिन्हं दिसतात. लगेच ‘वाचता येत नाही’ म्हणून परत पाठवू नका. फॉन्ट परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्यात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. ते दोष लेखकाच्या शुद्धलेखनाच्या खाती मांडू नका. सगळ्यांत चांगलं म्हणजे प्रकाशकाकडून पीडीएफ मागवणं. परिवर्तनासाठी किंवा सारांशासाठी दुसऱ्याचं अप्रकाशित लेखन कुठल्याही संकेतस्थळावर किंवा एआयच्या चॅटमध्ये टाकू नका. लेखकानं ते प्रकाशकाच्या विश्वासावर दिलेलं असतं. अशा वेळी आपल्याच संगणकावर चालणारं परिवर्तक वापरा.

आता प्रत्यक्ष वाचन. पहिली खेप वाचक म्हणून, हातात पेन्सिल न घेता, जमेल तितकी सलग. फक्त एक गोष्ट टिपायची: कुठल्या पानावर तुम्ही उठलात. चहा प्यायला, फोन बघायला किंवा झोपायला. पहिल्या वाचकाकडे असलेली सगळ्यांत मोलाची माहिती हीच आहे. लेखक, त्याचे मित्र आणि संपादकसुद्धा ही माहिती देऊ शकत नाहीत, कारण ते कर्तव्य म्हणून वाचतात किंवा त्यांना शेवट आधीच माहीत असतो. भयकथा वाचताना तुम्ही घाबरलात का, रहस्यकथेत खुनी तुम्हाला कधी कळला, विज्ञानकथेतला शोध पटला का, याची उत्तरं पानांच्या आकड्यांसह द्यायची. मत नंतर.

पूर्ण वाचायचं का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कथा असेल तर पूर्ण वाचा. कादंबरी असेल तर निदान पहिली पन्नास पानं, मधली वीस आणि शेवटची तीस, आणि अभिप्रायात तसं स्पष्ट लिहा. अर्धवट वाचून पूर्ण वाचल्यासारखा अभिप्राय देणं हा या कामातला एकमेव अक्षम्य गुन्हा आहे.

दुसऱ्या खेपेला तपासनीस व्हा. इथे नाशिककर असण्याचा खरा उपयोग होतो. कुंभमेळ्याच्या पार्श्वभूमीवरचा थरार कुणीतरी लिहिणारच. त्यात नागा साधूंचं शाही स्नान रामकुंडावर दाखवलं असेल तर लगेच खूण करा. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात, रामकुंडावर वैष्णव. रेल्वेनं आलेला नायक स्थानकाबाहेर पडून पाच मिनिटांत पंचवटीत पोहोचत असेल तर तेही थांबवा. नाशिकरोड स्थानक जुन्या शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. गोदावरीला पूर आलेला असेल आणि पाणी कुठवर चढलं हे पाहायला कुणीही दुतोंड्या मारुतीकडे बघत नसेल, तर लेखक नाशिकला आलेला नाही. अशा चुका छापल्या गेल्या की गावचा वाचक पुस्तक मिटतो, आणि तो परत मिळत नाही.

रहस्यकथेत कायद्याचा भाग वेगळा तपासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३ लागतं. आजची कथा आणि इन्स्पेक्टरच्या तोंडी ‘तीनशे दोन’ असेल तर ते बोलीत शोभेल, पण एफआयआरमध्ये चालणार नाही. कथा १९९० मधली असेल तर ३०२ च बरोबर. त्या काळात मोबाइल नाही, सीसीटीव्ही नाही आणि डीएनए चाचणी हे साध्या पोलीस ठाण्याच्या आवाक्यातलं काम नाही, हेही बघा.

आणखी एक तपासणी नाजूक आहे. परदेशी कथानकं मराठीत आणण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. जाणकार वाचकाला धारपांच्या लेखनातही स्टीफन किंगच्या खुणा दिसतात. पण आज रूपांतरासाठी मूळ लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. आर्थर कॉनन डॉईल १९३० साली गेले, त्यांच्या कथांवर आता बंधन नाही. अगाथा ख्रिस्ती १९७६ साली गेल्या, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. एखादं कथानक ओळखीचं वाटलं तर ‘चोरी’ हा शब्द लिहू नका. कुठल्या पुस्तकाशी, कोणत्या प्रसंगात, किती साम्य आहे ते नोंदवा. निर्णय प्रकाशकाचा. कथेच्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो, म्हणून नेमकं साम्य कशात आहे हे सांगणं महत्त्वाचं.

यंत्रानं लिहिलेल्या मजकुराबद्दलही हीच शिस्त पाळा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला अशा कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ नवं साहित्य घेणंच बंद करावं लागलं होतं. तो लोंढा मराठीतही येऊ शकतो. वाक्यं गुळगुळीत आणि सारख्याच लांबीची, प्रसंगात एकही ठसठशीत गोष्ट नाही, असं दिसलं तर ती लक्षणं लिहा. नुसत्या संशयावरून माणसाला दोषी ठरवू नका. कंटाळवाणं लिहिणारी माणसंही असतात आणि त्यांना सुधारायचा हक्क आहे.

अभिप्राय दीड-दोन पानांचा असावा. नमुना म्हणून एक काल्पनिक भयकादंबरी घेऊ. मी साधारण असं लिहीन:

‘मुंबईची एक वकील आजोबांचा दहीपुलाजवळचा वाडा विकायला नाशिकला येते. माजघरातली एक कोठी चाळीस वर्षं बंद आहे. तिथे काय घडलं याचा शोध म्हणजे ही कादंबरी. पहिली ३८ पानं एका बैठकीत वाचली. कोठीचं कुलूप निघतं तो प्रसंग (पान ३१) उत्तम आहे. आत काहीच दिसत नाही, फक्त नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा ओला वास येतो. इथे मी खरोखर दचकलो. पान ३९ ते ७० मध्ये वाड्याच्या कोर्टकज्जाचा इतिहास सलग येतो. तिथे दोनदा वाचन थांबवलं. ही माहिती लागते, पण ती बाईच्या हाती कागद लागत जातील तशी यायला हवी. वकील बाईच्या काकांचं गुपित मला पान ११२ वरच कळलं, कारण तोपर्यंत दुसऱ्या कुणाकडे कोठीची किल्ली असण्याची शक्यताच ठेवलेली नाही. लेखक ते १९० व्या पानावर उघड करतो. मधली ऐंशी पानं मी लेखकाच्या पुढे होतो. शेवटच्या प्रकरणात भूत कुठून आलं याचं सविस्तर स्पष्टीकरण आहे. ते काढलं तर भीती टिकेल. मोलकरणीचे संवाद जिवंत आहेत, वकील बाईचे पुस्तकी. शिफारस: पुनर्लेखन केल्यास पुन्हा वाचायला आवडेल.’

यात ‘शैली प्रवाही आहे’, ‘पात्रचित्रण कमकुवत आहे’ असली वाक्यं नाहीत. तशा वाक्यांनी प्रकाशकाला निर्णय घेता येत नाही आणि लेखकाला हस्तलिखितात हात घालता येत नाही. जे आवडलं ते पान क्रमांकासह लिहिणं हे दोष दाखवण्याइतकंच आवश्यक आहे, कारण पुनर्लेखनात लेखक घाबरून नेमकी चांगली जागाच कापतो. तुम्ही लिहिलेलं एखादं वाक्य प्रकाशक जसंच्या तसं लेखकाला पाठवेल हे गृहीत धरा. ‘साभार परत’ या दोन शब्दांनी वर्षानुवर्षं लिहिणं सोडून दिलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. परत करावं लागतंच, पण त्यासोबत दोन खऱ्या ओळी गेल्या तर माणूस पुन्हा लिहायला बसतो.

शिफारस तीनच प्रकारची ठेवा: घ्यावं, दुरुस्त करून पुन्हा वाचावं, परत करावं. ‘बरं आहे’ ही शिफारस होत नाही. ‘घ्यावं’ असं लिहिताना स्वतःला विचारा की हे पुस्तक मी पैसे देऊन घेईन का आणि कुणाला भेट देईन का. एखादं हस्तलिखित तुम्हाला पछाडून टाकेल. तेव्हा संकोच सोडा, प्रकाशकाला फोन करा, लगेच वाचा म्हणून आग्रह धरा. अशा एका पुस्तकासाठी बाकीची परत केलेली सगळी वाचावी लागतात.

नाशिकचं साहित्यवर्तुळ मोठं नाही. कुसुमाग्रज स्मारकातल्या कार्यक्रमाला, वसंत व्याख्यानमालेला तीच माणसं भेटतात. नाव झाकलेलं असूनही संहितेवरून लेखक ओळखू आला, तो नात्यातला, शाळेतला किंवा सोसायटीतला निघाला, तर हस्तलिखित न वाचता परत द्या आणि कारण सांगा. वाचलेल्या कथांची चर्चा कट्ट्यावर करू नका, अगदी कौतुकाचीसुद्धा. रहस्यकथेचा शेवट फुटला तर ती छापण्याआधीच संपते. तुम्ही स्वतः लिहीत असाल तर प्रकाशकाला सुरुवातीलाच सांगा, आणि आपलं हस्तलिखित त्याच प्रकाशनाकडे देताना ते दुसऱ्या कुणी वाचेल असं पाहा. वाचलेली एखादी कल्पना नंतर आपल्या कथेत उतरतेय असं वाटलं तर ती कथा बाजूला ठेवा.

वेग बेताचा ठेवा. महिन्याला एक कादंबरी किंवा पाच-सहा कथा नोकरदार माणसाला पुरतात. ओळीनं बरीच वाईट हस्तलिखितं वाचली की नजर कडू होते आणि पुढचं बरं लेखनही वाईट दिसू लागतं. मध्ये एखादं आवडतं छापील पुस्तक वाचा, मग पुढची फाइल उघडा. ठरलेल्या मुदतीत जमणार नसेल तर मुदत संपण्याआधी कळवा, म्हणजे हस्तलिखित दुसऱ्याकडे जाईल. अभिप्राय पाठवला, प्रकाशकानं पोच दिली, की फाइल संगणकातून, फोनमधून आणि ईमेलमधून काढून टाका. छापील प्रत असेल तर रद्दीत न देता प्रकाशकाला परत करा. स्वतःच्या अभिप्रायाची प्रत मात्र तारखेसह जपून ठेवा. पुस्तक निघालं की ते विकत घ्या आणि तुमच्या नोंदींसमोर ठेवून वाचा. तुमच्या कुठल्या सूचना घेतल्या गेल्या, कुठल्या लेखकानं योग्य कारणानं नाकारल्या, हे पाहिल्यावर पुढचा अभिप्राय आपोआप नेमका होतो.